वऱ्हाडची पहिली शिरगणती आणि आल्फ्रेड लायल

वऱ्हाडातील माणसांची पहिली पद्धतशीर मोजणी इ. स. १८६७ मध्ये झाली. त्यापूर्वी हा प्रांत कोणी मोजलाच नव्हता असे नाही. मोगलांनी त्याचा महसूल मोजला, निजामाच्या व भोसल्यांच्या कारकुनांनी घरे व नांगर मोजले. मराठीत या कामासाठी जो जुना शब्द रूढ होता तो खानेसुमारी, म्हणजे घरांची मोजदाद. आणि घर मोजले जाई ते त्यावर पट्टी बसविण्यासाठी. घरात किती माणसे राहतात, त्यांचा धर्म कोणता, जात कोणती, बाया किती आणि पुरुष किती, हे जाणून घेण्याचे कारण कोणत्याही पूर्वीच्या राज्यकर्त्यास पडले नव्हते. शिरगणती हा निराळाच व्यवहार होता, आणि वऱ्हाडात तो ज्या काळात सुरू झाला त्याच काळात आल्फ्रेड लायल हा इंग्रज मुलकी अधिकारी पश्चिम वऱ्हाडचा आयुक्त म्हणून अकोल्यास आला.

लोकसंख्याशास्त्र हा शब्द तेव्हा मराठीत नव्हता, आणि इंग्लंडातही त्या नावाची विद्या अद्याप बाल्यावस्थेत होती. लायलला लोकसंख्येचा अभ्यासक म्हणावयाचे ते या मर्यादेत. त्याने सांख्यिकीची सूत्रे बांधली नाहीत. परंतु एका लहानशा प्रांतातील आकडे हाती असताना, त्या आकड्यांच्या रकान्यांत बसणारी माणसे प्रत्यक्षात कशी असतात याचा विचार त्याच्याइतका त्या पिढीतील फार थोड्या अधिकाऱ्यांनी केला. त्याच्या कार्याचे वऱ्हाडाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते येथेच. जातीच्या व धर्माच्या सीमा किती प्रवाही आहेत हे ज्याला सर्वांत स्पष्ट दिसले, त्याच्याच ग्रंथातून त्या सीमा या प्रांताच्या सरकारी कोष्टकांत प्रथम आखल्या गेल्या.

आल्फ्रेड कॉमिन लायलचा जन्म ४ जानेवारी १८३५ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक व तत्त्वज्ञानाचे लेखक होते. आई ब्रॉडवुड या प्रसिद्ध पियानो बनविणाऱ्या घराण्यातील. चुलत्यांपैकी एक ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष होऊन गेला होता, तेव्हा हिंदुस्थानची वाट या कुटुंबास परकी नव्हती. कंपनीच्या हेलीबरी येथील विद्यालयात शिकून लायल १८५६ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला आणि पुढच्याच वर्षी उठावाच्या वणव्यात सापडला. बुलंदशहर व मीरत या भागात स्वयंसेवकांच्या घोडदळातून तो लढला. त्यानंतर रजेवर मायदेशी गेला असता केप कॉलनीतील क्लोएट या मूळच्या डच घराण्यातील कोरा हिच्याशी त्याचा विवाह झाला. पत्नीसह परत आल्यावर मध्य प्रांतात काही काळ काम करून १८६७ मध्ये तो वऱ्हाडात आला आणि १८७३ पर्यंत येथेच राहिला.

या दांपत्यास दोन मुलगे व दोन मुली झाल्या. तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्याचा संसार म्हणजे दोन खंडांत विभागलेला संसार. नवरा ठाण्यावर, मुले वाढीस लागली की इंग्लंडात, आणि मध्ये टपालाच्या बोटी. लायलचा पत्रव्यवहार हा त्यामुळेच त्याच्या चरित्राचा मुख्य आधार ठरला. मॉर्टिमर ड्युरंडने १९१३ मध्ये त्याचे जे चरित्र प्रसिद्ध केले ते आई व बहिणी यांस त्याने लिहिलेल्या पत्रांवर बव्हंशी उभे आहे. बहीण सिबिला ही स्वतः उत्तम पत्रलेखिका होती. तिच्या पत्रांचा संग्रहही तिच्या पश्चात १८९८ मध्ये निघाला. धाकटा भाऊ जेम्स हाही हिंदुस्थानातच नोकरीस होता. त्याचा आणि वऱ्हाडचा संबंध पुढे एका दुःखद प्रसंगाने यावयाचा होता.

लायल आला तेव्हाचे वऱ्हाड समजून घेतल्याशिवाय त्या शिरगणतीचा अर्थ लागत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली केला होता. नावाने तो निजामाचा, कारभाराने हैदराबादच्या रेसिडेंटाचा. पूर्व वऱ्हाडाचे ठाणे अमरावती, पश्चिमेचे अकोला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला सोन्याचा भाव आला होता. ते युद्ध संपून भाव कोसळले तरी लोहमार्ग आला होता, आणि बडनेरा, अकोला, शेगाव या मार्गाने कापसाच्या गाठी मुंबईस जाऊ लागल्या होत्या. खामगाव ही कापसाची देशातील अग्रगण्य पेठ मानली जाई. तेथवर लोहमार्गाचा फाटा नेण्यात आला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास आला, यावरून तिची प्रतिष्ठा ध्यानात यावी. अशा प्रदेशात किती हात आहेत व किती तोंडे आहेत हे सरकारास कळणे निकडीचे झाले. मध्य प्रांतात १८६६ मध्ये गणना झालीच होती. पुढील वर्षी तिचे अनुकरण वऱ्हाडात झाले. सबंध हिंदुस्थानची पहिली गणना १८७२ ची, आणि एकाच रात्री सर्वत्र घेतलेली पहिली गणना १८८१ ची. वऱ्हाड या दोहोंच्या पुढे होते.

पाटील व पटवारी यांच्यामार्फत गावोगावची माणसे लिहून घेण्यात आली. एकूण आकडा बावीस लाखांच्या वर भरला. चौरस मैलास सुमारे सव्वाशे. गोदेच्या किंवा गंगेच्या काठच्या दाट वस्तीशी तुलना केली तर हा मुलूख विरळच होता. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन भरलेली, तर उत्तरेस मेळघाट व दक्षिणेस बालाघाट यांवरील गावे तुरळक. या विषमतेचे कारण लायलने इतिहासात शोधले. रेसिडेंटाच्या आज्ञेने त्याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापून निघाले. त्यात निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल, पेंढाऱ्यांचा उपद्रव, १८०३ चा दुष्काळ आणि मक्तेदार तालुकदारांचा जुलूम यांनी प्रांत कसा ओस पडत गेला याचे वर्णन येते. या विवेचनात राज्यकर्त्याचा स्वार्थ आहेच. मागील राजवट जितकी काळी दाखवावी तितकी चालू राजवट उजळ दिसते, आणि लायल या मोहापासून मुक्त नव्हता. तथापि लोकसंख्या ही राजकीय इतिहासाचा परिणाम असते, ती केवळ निसर्गदत्त नव्हे, ही त्याची दृष्टी त्या काळी नवी होती आणि ती खरी होती.

१८६७ ते १८८१ या चौदा वर्षांत प्रांताची लोकसंख्या सुमारे एकपंचमांशाने वाढून २६,७२,६७३ झाली. एवढी वाढ केवळ जन्मांची असणे अशक्य होते. कापसाच्या ओढीने दख्खनातून, मध्य प्रांतातून व निजामाच्या मुलखातून माणसे येत होती. शिवाय पहिल्या गणनेत पुष्कळ जण सुटलेही असतील. सरकार माणसे मोजते म्हणजे नवीन कर बसविणार, ही शंका पहिल्या गणनांच्या वेळी सर्वत्रच होती. १८८१ च्या आकड्यांत १३,८०,४९२ पुरुष व १२,९२,१८१ स्त्रिया आहेत, म्हणजे हजार पुरुषांमागे ९३६ स्त्रिया. यातील काही तूट बाहेरून आलेल्या एकट्या पुरुषांमुळे, काही स्त्रियांचे नाव परक्यास न सांगण्याच्या रिवाजामुळे, आणि काही खरोखरच मुली व बाळंतिणी दगावल्यामुळे. या तिहींचे प्रमाण नुसत्या बेरजेवरून काढता येत नाही. प्रारंभीच्या गणनांचे आकडे उद्धृत करणाऱ्या अभ्यासकांस याचा वारंवार विसर पडतो.

गॅझेटियर प्रसिद्ध झाल्यावर लायलच्या मनात जे राहून गेले होते ते त्याने १८७२ मध्ये फोर्टनाइटली रिव्ह्यू या लंडनच्या नियतकालिकात ‘एका हिंदी प्रांताचा धर्म’ अशा आशयाच्या निबंधात लिहिले. तो प्रांत म्हणजे वऱ्हाडच. पुढे ‘एशियाटिक स्टडीज’ या त्याच्या १८८२ च्या संग्रहात हा निबंध अग्रभागी आला आणि युरोपातील धर्माभ्यासकांनी तो आवडीने वाचला. लायलने वऱ्हाडातील उपासनेचे अकरा प्रकार सांगितले आहेत. वाटेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडापासून आरंभ करून वृक्ष, प्राणी, शेतकऱ्याची अवजारे, मृतांचे आत्मे, वीर, साधू, स्थानिक देवता अशा पायऱ्यांनी तो शिव व विष्णू यांपर्यंत चढत जातो. मुसलमान पीराच्या दर्ग्यास हिंदू नवस करतात; एखादा सत्पुरुष वारला की त्याच्या समाधीची जत्रा भरू लागते, दोन पिढ्यांत तो देवाचा अवतार ठरतो आणि त्याच्या मनुष्यजन्माची आठवण पुसट होते. हे सारे पुस्तकात वाचून नव्हे, तर दौऱ्यावर पाहून त्याने लिहिले. धर्म येथे पूर्ण झालेली इमारत नसून रोज वाढणारे रान आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

रानाच्या या उपमेत तिरस्कार आहे, हे नाकारून चालणार नाही. वारकरी परंपरा, महानुभावांची वऱ्हाडातील दीर्घ परंपरा, रिद्धपूरसारखे क्षेत्र, यांतील विचारांची शिस्त त्याला फारशी दिसली नाही. गावाच्या वेशीवरचा देव त्याने बारकाईने पाहिला; मठातील पोथी त्याने उघडली नाही. असे असूनही जे पाहिले ते अचूक पाहिले.

मॅक्समुल्लरने १८७३ मध्ये जगातील धर्मांची विभागणी प्रचारक आणि अप्रचारक अशी करून ब्राह्मणी धर्मास दुसऱ्या वर्गात टाकले, तेव्हा लायलने १८७४ मध्ये त्यास उत्तर दिले. त्याचे म्हणणे असे की, हिंदू धर्मात कोणी प्रवेशविधी करून घेत नाही, म्हणून तो वाढत नाही असे समजणे चूक आहे. डोंगरातील जमात सपाटीवर येते, शेती धरते, ब्राह्मणास बोलावू लागते, आपल्या कुलदेवतेस पुराणातील नाव देते, विधवाविवाह सोडते. काही पिढ्यांत ती एक जात होऊन बसते. अशा रीतीने दरवर्षी हिंदू होणाऱ्यांची संख्या हिंदुस्थानातील इतर सर्व धर्मांत मिळून जाणाऱ्यांहून अधिक असावी, असा त्याचा तर्क होता. त्याला आकड्यांचा आधार त्याने दिला नाही, आणि देणे शक्यही नव्हते. कारण ज्या संक्रमणाविषयी तो बोलत होता ते गणनेच्या रकान्यात कधीच दिसत नाही. रकान्यात माणूस एक तर इकडे असतो किंवा तिकडे.

यानंतरची मोठी गणना १८८१ ची. तिचा वऱ्हाडचा अहवाल युस्टेस किट्स याने लिहिला. लायल तेव्हा कलकत्ता व सिमला येथे परराष्ट्र खात्याचा चिटणीस होता. किट्सच्या कोष्टकात २४,२५,६५४ हिंदू, १,८७,५५५ मुसलमान, ३७,३३८ मूळच्या जमातींच्या धर्माचे, २०,०२० जैन, आणि त्याखाली ख्रिस्ती, शीख, पारशी यांचे लहान आकडे आहेत. ज्यू तीन. बौद्ध एक. कोष्टक स्वच्छ आहे, बेरीज एकाही आकड्याने चुकत नाही. आणि तरीही ‘मूळच्या जमातींचा धर्म’ या रकान्यातील सदतीस हजार माणसे म्हणजे नेमकी कोण, हा प्रश्न लायलचा निबंध वाचलेल्यास सुटत नाही. मेळघाटातील कोरकू महादेवास भजतो व स्वतःस राजपुतांचा वंशज म्हणवितो. त्यास हिंदू लिहावयाचे की नाही हे कोरकूवर नव्हे, तर प्रगणकावर व त्यास मिळालेल्या सूचनेवर अवलंबून होते. पुढील अर्धशतकात मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील आदिवासींचे आकडे गणनेगणनेस वर-खाली झाले ते बव्हंशी यामुळे. लोकांचा धर्म दहा वर्षांत बदलला नव्हता. लिहिण्याची रीत बदलली होती.

त्या एका बौद्धाविषयी थोडे थांबणे योग्य होईल. हा आकडा १८८१ साली कोणासही लक्षणीय वाटला नसेल. त्याच कोष्टकांत महार ही कुणब्यांच्या खालोखालच्या मोठ्या जातींपैकी एक होती, आणि ती सर्व हिंदूंच्या रकान्यात गेली होती. गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्या, देवळात पाऊल न ठेवू शकणाऱ्या या माणसांस त्या रकान्यात बसणे मान्य आहे काय, असे कोणी विचारले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. वऱ्हाडातून हजारो लोक त्या सोहळ्यास गेले होते. १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या नगण्य होती. १९६१ मध्ये महाराष्ट्रात ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली, आणि अमरावती व अकोला हे त्यांच्या मोठ्या वस्तीचे जिल्हे ठरले. लायलने कल्पिलेला प्रवाह एकाच दिशेचा होता, रानातून देवळाकडे. माणसे मोठ्या संख्येने, जाणूनबुजून, एका दिवसात रकाना सोडून उलट दिशेस जातील, हे त्याच्या कल्पनेत बसणारे नव्हते. त्याने जातीची घडण हजारो अनामिक कृतींतून होताना पाहिली. एखादी जात सभा भरवून आपल्या नावाचा निर्णय घेईल असे त्यास वाटले नाही. गणनेने मात्र त्याची अप्रत्यक्ष तयारी केली होती. आपण किती आहोत हे ज्यास कळले तो संघटित होऊ शकतो.

लोकसंख्येची दुसरी बाजू अन्नाची. गॅझेटियरमधील वऱ्हाड हा भरभराटीचा प्रांत आहे. कापूस वाढतो, वस्ती वाढते, महसूल वाढतो. १८९१ मध्ये लोकसंख्या एकोणतीस लाखांच्या घरात पोहोचली. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती सुमारे पाच टक्के घट झाली. मधल्या काळात १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन दुष्काळ पडले, आणि त्यांच्यामागून पटकी व ताप आले. ज्वारीच्या जमिनीवर कापूस गेला होता. पैसा असेल त्यास धान्य बाहेरून मिळे, पण मजुराची मजुरी बुडाली की लोहमार्गाने आलेले धान्यही त्यास दुरापास्त होई. पहिल्या दुष्काळानंतर सरकारने चौकशीसाठी जे आयोग नेमले त्याचा अध्यक्ष पंजाबचा निवृत्त लेफ्टनंट गव्हर्नर सर जेम्स लायल हा होता, म्हणजे आल्फ्रेडचा धाकटा भाऊ. आयोगाने १८९८ मध्ये अहवाल दिला. एका वर्षाच्या आत त्याहून भयंकर दुष्काळ उभा राहिला आणि वऱ्हाडात त्याने आधीच्यापेक्षा कितीतरी अधिक बळी घेतले. एका भावाने ज्या प्रांताच्या पुनर्वसाहतीचे वर्णन लिहिले, त्याच प्रांतास वाचविण्याचे नियम दुसऱ्या भावाने तपासले, आणि ते नियम अपुरे पडले. १९०१ च्या वऱ्हाड गणनेचा अहवाल अर्देसर दिनशाजी चिनॉय या हिंदी अधिकाऱ्याने लिहिला. तोवर वऱ्हाडचा स्वतंत्र अहवाल निघत असे. १९०२ च्या करारान्वये निजामाकडून कायम पट्ट्याने घेतलेला हा मुलूख १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला, आणि पुढील गणनांत तो जोडप्रांताच्या ग्रंथातील एक भाग झाला.

लायलच्या उत्तरायुष्याचा वऱ्हाडाशी प्रत्यक्ष संबंध उरला नाही. राजपुतान्यात गव्हर्नर जनरलचा एजंट, परराष्ट्र चिटणीस, १८८२ पासून पाच वर्षे वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर, आणि नंतर लंडनमध्ये इंडिया कौन्सिलचा सभासद, अशी पदे त्याने भूषविली. अलाहाबाद विद्यापीठाची स्थापना त्याच्याच कारकिर्दीत १८८७ मध्ये झाली. हिंदुस्थानातील दिवसांवरील त्याच्या कविताही त्या काळी लोकप्रिय होत्या. १० मार्च १९११ रोजी हिंदुस्थानची जनगणना झाली. तिच्यात वऱ्हाडची लोकसंख्या दुष्काळाची झीज भरून काढून साडेतीस लाखांवर गेलेली आढळली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १० एप्रिल रोजी, वाइट बेटावरील टेनिसनच्या घरी पाहुणा म्हणून गेलेला असता लायल मरण पावला. अकोला व अमरावती जिल्ह्यांची नवी गॅझेटियरे अनुक्रमे १९१० व १९११ मध्ये निघाली, आणि कचेऱ्यांतून त्याचे जुने गॅझेटियर मागे पडले.

अभ्यासकांनी ते पुन्हा उघडले ते बऱ्याच काळाने. गावपाटलांनी ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी वऱ्हाडात इतर अनेक प्रांतांहून अधिक भरवशाच्या असल्याने टिम डायसन या इंग्रज लोकसंख्याशास्त्रज्ञाने १८८१ ते १९८० या शंभर वर्षांतील वऱ्हाडचा लोकसंख्येतिहास लिहिला. तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्मण सत्य यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात त्याच काळातील कापूस व दुष्काळ यांचा संबंध उलगडून गॅझेटियरमधील भरभराटीच्या चित्रास छेद दिला. १९१८ च्या तापसरीने १९११ ते १९२१ या दशकातील वाढ जवळजवळ शून्यावर कशी आणली, दुष्काळात मृत्यू वाढतात त्याच्या आधीच गर्भधारणा कशा घटू लागतात, यांसारख्या प्रश्नांस वऱ्हाडच्या नोंदींनी आधार पुरविला आहे. गावातील मृत्यूची खबर ठाण्यास पोहोचविणारा बहुधा महार कोतवाल असे, आणि ती कागदावर उतरविणारा पाटील किंवा पटवारी.